जुन्या चौकटीचे पत्ते: खेळायला की कपाटात ठेवायला?

'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळातली जुनी चौकट, म्हणजे पत्त्यावरच्या चित्राभोवतीची छापील मांडणी, 2003 मध्ये आठव्या आवृत्तीबरोबर बदलली. ती परत हवी तर वाटा बऱ्याच आहेत; त्यातल्या या दोन.

एक, 2023 च्या 'डॉमिनेरिया रीमास्टर्ड' या संचातले जुन्या चौकटीचे पत्ते. पत्त्याची मागची बाजू नेहमीचीच, त्यामुळे तो पत्ता ज्या खेळप्रकारात (फॉरमॅटमध्ये) चालतो तिथे बिनधास्त खेळा. दादरला रविवारी आमचा चौघांचा अड्डा बसतो. तिथे परवा एक हिरवा पत्ता खिडकीशी धरून पाहिला: चौकट जवळपास तीच, शेवाळल्यासारखी, तळाच्या बारीक अक्षरांत मात्र नवं साल. तिथेच चुगली! फॉइल, म्हणजे चमकीचा पत्ता, मात्र नको. मुंबईच्या जुलैत ते पापडासारखं वाकतं. बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी डब्यात टाकूनही माझे दोन वाकलेच.

दुसरी, 2022 ची 'थर्टीएथ अ‍ॅनिव्हर्सरी एडिशन'. तेव्हा चार पाकिटं 999 डॉलरला विकली. त्यात 'ब्लॅक लोटस', या खेळातला सर्वात गाजलेला पत्ता, निघू शकतो, हे खरं. पण मागची बाजू वेगळी आणि अधिकृत स्पर्धेत बंदी. म्हणजे एवढे मोजून लॉटरीच लावायची, आणि लागली तरी पत्ता फ्रेममध्येच. घरच्यांना ही किंमत सांगून बघा.

मी पहिलेच घेतो, साधे, बिनचमकीचे.