०.३ मिमी नोझलचा एअरब्रश आणि टाकीवाला कॉम्प्रेसर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

नोव्हेंबरात घेतला, आता जुलै चालू आहे. मधल्या काळात या एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंगाचा बारीक फवारा मारणाऱ्या पेनाने, मी लष्करी ट्रकांची तीन मॉडेलं रंगवली, तिन्ही १/३५ मापाची, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढी: अमेरिकन जीएमसी, जर्मन ओपेल ब्लिट्झ आणि रशियन झिल-१३१. घ्यायच्या आधी मी बरेच रिव्ह्यू वाचले होते, पण ते बहुतेक पहिल्या आठवड्यातले. नाशिकच्या मे महिन्यात आणि पावसाळ्यात हे यंत्र कसं वागतं, ते कुणीच लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

वस्तू अशी: डबल अ‍ॅक्शन (ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की रंग), वर रंगाचा कप असलेला एअरब्रश आणि तीन लिटर टाकीचा छोटा कॉम्प्रेसर. दोन्ही मिळून अकरा हजारांच्या आत. बिनटाकीचा बराच स्वस्त मिळत होता, तो घेऊ नका. टाकी नसली की हवा पंपाच्या ठोक्यागणिक कमीजास्त होते आणि बारीक रेघ मारताना ते लगेच दिसतं. शिवाय टाकी भरली की मोटर थांबते. पलीकडच्या खोलीत मुलगी झोपलेली असते आणि मी रात्री साडेदहाला कामाला बसतो, तेव्हा या शांततेची किंमत कळते.

आधी मी साध्या ब्रशनेच रंगवायचो. हातात धरून बघितलं की मॉडेल छान वाटायचं, फोटोत मात्र खेळणं दिसायचं. कारण कळायला वेळ लागला. उभ्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण १.६ मीटरवर असते. १/३५ मध्ये ते होतात जेमतेम साडेचार सेंटीमीटर. ट्रक खरा वाटायचा असेल तर लेन्स तेवढ्याच उंचीवर हवी. मी मोबाइल उलटा धरतो, म्हणजे लेन्स खाली येते आणि फळीला जवळजवळ टेकते. पण इतक्या जवळून कॅमेरा काहीच माफ करत नाही. दारावर ब्रशने दशांश मिलिमीटरचा थर साचला, तर खऱ्या ट्रकच्या हिशेबात तो साडेतीन मिलिमीटर होतो. एवढा जाड रंग कुठल्या गाडीवर असतो? एअरब्रशने पातळ थर बसतो, दाराच्या कडा आणि बिजागऱ्या बुजत नाहीत. पैसे वसूल झाले ते इथेच.

माझं प्रमाण सांगतो. तामिया कंपनीचा ऑलिव्ह ड्रॅब हा लष्करी हिरवा, क्रमांक एक्सएफ-६२, एक भाग आणि त्यांचंच थिनर दीड भाग, दाब १५ पीएसआयच्या आसपास. हिवाळ्यात हे बिनतक्रार चाललं. एप्रिलच्या शेवटी मात्र जीएमसीच्या बोनेटवर हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागलं. मला वाटलं रंगच खराब निघाला. निफाडचे मामा त्या दिवशी घरी आले होते. त्यांची द्राक्षबाग आहे, आयुष्य फवारणीत गेलेलं. त्यांनी मॉडेलकडे बघितलंही नाही, माझा हात बघितला आणि म्हणाले, "लांबून मारतोयस. उन्हाळ्यात थेंब वाटेतच वाळतो." तेच होतं. अंतर निम्मं केलं, थिनर थोडं वाढवलं, दुपारऐवजी पहाटे बसायला लागलो. बोनेट पुसून पुन्हा रंगवलं, ते गुळगुळीत आलं.

पावसाळ्यात वेगळाच त्रास. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झिलच्या केबिनवर रंग मारता मारता नोझलमधून पाण्याचे दोन थेंब पटकन उडाले. दारावर रुपयाएवढा डाग. दमट हवा दाबली की तापते, मग टाकीत आणि नळीत गार होते आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन बसते. सोबत आलेला मॉइश्चर ट्रॅप, म्हणजे हवेतलं पाणी अडवणारी डबी, कॉम्प्रेसरला चिकटूनच आहे. तिथे हवा अजून गरम असते, त्यामुळे पाणी त्याला चुकवून पुढे जातं. ही रचनेतलीच उणीव आहे, आणि ज्याच्याकडून घेतला त्या विक्रेत्याने "सगळ्यांचं असंच असतं" म्हणून विषय संपवला. मी लांब नळी घेतली आणि एअरब्रशच्या अगदी जवळ दुसरा छोटा ट्रॅप बसवला. रोज काम संपलं की टाकीखालची चावी सोडतो. पावसाच्या दिवसांत चमचाभर पाणी सहज निघतं. तेव्हापासून एकही थेंब उडालेला नाही.

आणखी दोन तक्रारी. सोबतची रबरी रिंग लॅकर थिनरने फुगली. आता कडक थिनरने फक्त नोझल आणि कप धुतो. नोझलचे आटे इतके नाजूक आहेत की पाना जरा जास्त फिरला की नोझल तुटतेच. माझी तुटली. नवी मागवली तर तीन आठवडे लागले. पहिल्याच दिवशी एक जास्तीची नोझल आणि एक सुई घेऊन ठेवा.

आता जिथे हे यंत्र खरं शोभतं ती गोष्ट: धूळ. आमच्या सोसायटीत एक काका राहतात, तोफखान्यातून निवृत्त झालेले हवालदार. त्यांनी कित्येक वर्षं लष्कराचा शक्तिमान ट्रक चालवला, जर्मन मॅन कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनायचा तो. जीएमसी त्यांना दाखवायला नेला, तर त्यांनी चष्मा चढवून बराच वेळ फिरवून बघितला. म्हणाले, "सगळीकडं सारखीच धूळ कशी रे? ड्रायव्हर चढतो उतरतो ना? पायरीवर बूट घासतो, कडीला हात लागतो. काच तर तो पुसणारच." घरी येऊन मास्किंग टेपचा वायपरच्या फेऱ्याएवढा छोटा पंखा कापला आणि काचेवर चिकटवला. एक्सएफ-५७ बफ या मातकट रंगाचा एक थेंब, थिनरचे नऊ थेंब, दाब १२. ट्रिगर दाबून आधी नुसती हवा, मग केसभर मागे. चार-पाच फेऱ्यांपर्यंत काही झाल्यासारखं वाटतच नाही, सहाव्या फेरीला काच मळते. टेप काढली आणि ट्रकच्या आत कुणीतरी बसलं होतं असं वाटायला लागलं.

काकांचा एक सल्ला मात्र मला मागे घ्यावा लागला. ट्रकच्या इंधनाच्या टाकीच्या तोंडाखाली काळा, तेलकट ओघळ हवा, असं ते म्हणाले. तो मी काढलाही. नंतर लक्षात आलं, शक्तिमान डिझेलचा, जीएमसी पेट्रोलचा. डिझेलच्या ओघळावर धूळ चिकटते; पेट्रोल उडून जातं आणि जाता जाता धूळच धुऊन नेतं. म्हणून बारीक ब्रशने थिनरचा एक ओघळ सोडला, खालचा हिरवा स्वच्छ दिसला. काकांना सांगितलं, त्यांनी लगेच मान्य केलं.

चिखल किती दाखवायचा हे मी तारखेवरून ठरवलं. फ्रान्समध्ये जीएमसी ट्रकांची रेड बॉल एक्सप्रेस, म्हणजे आघाडीवर रसद पोचवणारी वाहतूक, २५ ऑगस्ट १९४४ ला सुरू झाली आणि १६ नोव्हेंबरला थांबली. माझा ट्रक ऑगस्टमधला, म्हणून वर नुसती धूळ, चिखल नाही.

फोटो सकाळी सात ते आठ, पाथर्डी फाट्याच्या आमच्या गच्चीवर. सूर्य एकच, सावली एकच. घरातल्या दोन दिव्यांनी ते जमत नाही. फळीवर वस्त्रगाळ केलेला मुरूम पसरतो, फळीची मागची कड पांडवलेणीच्या डोंगराच्या पायथ्याशी जुळेल अशी वर-खाली करतो. कड दिसली की खेळ संपला, म्हणून तिथे मुरमाचे दोन-चार खडे ठेवतो. झिलचा फोटो काकांना पाठवला, तर त्यांचा फोनच आला: "ही गाडी कुठं उभी होती?"

घ्यावा का? वर्षात दोन मॉडेलं करणार असाल तर घ्या, दुसऱ्या ट्रॅपचे पैसे धरून. हे सगळं करताना मास्क लावा आणि खिडकी उघडी ठेवा.

पुढचा शक्तिमान आहे. प्लॅस्टिक शीट कापून मुळापासून बनवायचा. रविवारी काका माझ्यासमोर उभे राहिले, छातीवर हात ठेवून म्हणाले, "बोनेट इथपर्यंत यायचं," आणि मी टेप लावून जमिनीपासून त्यांच्या हातापर्यंतचं अंतर वहीत लिहून घेतलं.