हॉगार्थचं लंडन: छाप कुठली घ्यावी?

अठराव्या शतकातला इंग्लिश चित्रकार विल्यम हॉगार्थ याच्या छापील चित्राखाली ‘अस्सल’ लिहिलंय म्हणून लगेच पैसे मोजू नका. चित्रं कोरलेल्या तांब्याच्या प्लेट त्याच, पण १७६४ मध्ये तो गेल्यावरही छपाई चालूच राहिली: आधी पत्नी जेनकडे, १७९० च्या सुमारास प्रकाशक बॉयडेलकडे आणि १८२२ मध्ये खोदकाम करणाऱ्या जेम्स हीथने प्लेटांवर पुन्हा हात फिरवून. आज विक्रीला येतात त्यांत हीथची छाप भरपूर.

फरक ‘जिन लेन’मध्ये (१७५१) लगेच कळतो. लंडनमधली सेंट जाइल्सची गरीब वस्ती, मागे सेंट जॉर्ज ब्लूम्सबरी चर्चचा मनोरा. डावीकडे सुतार करवत गहाण टाकतोय आणि पायऱ्यांवर तर्र झालेल्या बाईच्या हातून पोर निसटतंय. चांगल्या छापेत मागची घरंसुद्धा नीट सुटी दिसतात. तांबं मऊ, शाई पुसून आणि दाब खाऊन उथळ रेषा आधी जातात, म्हणून उशिराच्या छापेत तिथे नुसता करडा धूसरपणा उरतो. हीथने रेषा खोल केल्या, पण सावल्या काळ्याकुट्ट झाल्या आणि चेहरे राठ.

‘जिन लेन’च्या जोडचित्रात, ‘बिअर स्ट्रीट’मध्ये, लोहार पाहा. त्याने फ्रेंच माणूस उचललेला असेल तर छाप आधीची. मांसाचा तुकडा धरलेला आणि शेजारी फरसबंदीवाला व मोलकरीण असतील, तर १७५९ किंवा नंतरची. मूळ किंमत एक शिलिंग, हौशी ग्राहकांसाठी नीट छापलेली दीड शिलिंग. म्हणजे दर्जाचा भेद पहिल्या दिवसापासूनच होता!

रोजचं शहर पाहायचं तर ‘दिवसाचे चार प्रहर’ (१७३८) हा संच त्याहून सरस. त्यात उपदेश कमी, रस्ता जास्त. ‘संध्याकाळ’ बर्नार्ड बॅरनने कोरली आहे. तिच्या काही सुरुवातीच्या छापांत बाईचा चेहरा लाल आणि तिच्या कापड रंगवणाऱ्या नवऱ्याचे हात निळे आहेत. संचातल्या छापा मूळ रंगचित्रांच्या आरशासारख्या उलट असल्याने घड्याळावरची वेळ वाचताना मात्र गोंधळ होतो.

कागद उजेडासमोर धरा. हॉगार्थच्या हयातीतल्या छापेत समांतर रेषांची जाळी दिसावी. एकसारखा गुळगुळीत कागद बहुतेक वेळा नंतरचा. प्लेटच्या कडेची दाबखूण कापून टाकली असेल तर भाव पाडून मागा. भिंगाखाली रंगाचे ठिपके दिसले तर ती आधुनिक छपाई. खऱ्या छापेत शाई रेषेवर किंचित उभी असते. चौकटीच्या आत तपकिरी पट्टा असेल तर आम्लयुक्त पुठ्ठ्याचा डाग आहे, तो सहज निघत नाही.

भिंतीवर लावायला हीथची प्रत चालेल, फक्त तिला आधीच्या छापेचा भाव देऊ नका. अभ्यासासाठी मात्र हीथने छापलेल्या हॉगार्थच्या चित्रांच्या अख्ख्या ग्रंथापेक्षा ‘जिन लेन’ची एक ताजी छाप परवडते. घेण्याआधी ब्रिटिश म्युझियमच्या ऑनलाइन संग्रहातल्या वेगवेगळ्या छापा शेजारी ठेवून पाहा.