एमडीएमए (पार्ट्यांमधली ‘एक्स्टसी’ ही नशा) की कोकेन, अंग जास्त कशाने तापतं?
दोन्ही उत्तेजकच, पण अंग तापवायची तऱ्हा वेगळी. एमडीएमए मेंदूतला सेरोटोनिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचा साठाच बाहेर ओततं, सोबत नॉरअ‍ॅड्रेनलिन हे तसलंच दुसरं रसायनही, मग स्नायूंत उष्णता वाढते आणि कातडीच्या रक्तवाहिन्या आकसल्याने ती बाहेर पडत नाही, वर बंद हॉलमधला नाच आहेच. गंमत बघा, गार खोलीत उंदरांचं तापमान यानेच उलट उतरतं! कोकेन डोपामिन हे मेंदूतलं तसलंच रसायन परत शोषायची वाट अडवतं, घाम उशिरा फुटतो आणि उकडतंय हेच नीट कळत नाही, मला तर हे जास्त डेंजर वाटतं. न्यूयॉर्कमध्ये 31 अंशांवरच्या दिवसांत कोकेनचे मृत्यू वाढलेले दिसलेत. एमडीएमएवर मात्र घटाघटा पाणी पिणंही अंगाशी येतं, रक्तातलं सोडियम घसरतं.