तीन सिलिंडर, सहा फुत्कार: ४४ वर्गाच्या मॉडेलबरोबर चार महिने

खोक्यातून वाफेच्या रेल्वे इंजिनाचं मॉडेल काढल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे त्याच्या एका मोठ्या चाकाच्या कडेला पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका दिला. मग अगदी रांगत्या वेगात ते चालवलं, आवाजासकट चित्रण केलं आणि चित्र थांबवत थांबवत चाकाच्या एका फेऱ्यात किती फुत्कार, म्हणजे वाफ बाहेर पडल्याचे ‘भक्‌भक्’ आवाज, पडतात ते मोजलं. माझी सगळी नोकरी ध्वनिमुद्रणात गेली. कुठलंही यंत्र समोर आलं की मी आधी ते ऐकते, मग पाहते. धाकट्या भावाचं बरोबर उलटं आहे. रूळ, देखावा, रंगकाम हा त्याचा प्रांत. ‘ताई, आधी धूर लाव ना!’ असं तो म्हणत होता आणि मी मोजत बसले होते.

मोजणी आली पाच. कधी पाचच्या थोडी वर. यायला हवे होते सहा.

हे मॉडेल आहे जर्मन रेल्वेच्या ४४ वर्गाच्या मालगाडी इंजिनाचं, एचओ प्रमाणातलं, म्हणजे १:८७. मूळ इंजिनाला एकमेकांना जोडलेल्या मोठ्या चाकांच्या पाच जोड्या आणि तीन सिलिंडर: दोन बाहेर दिसणारे, एक आत मध्यभागी लपलेला. प्रत्येक सिलिंडरमध्ये दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने वाफ येते. म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात एक सिलिंडर दोनदा वाफ बाहेर टाकतो, आणि तिघांचे मिळून सहा फुत्कार होतात. दोन सिलिंडरच्या इंजिनाचे चार होतात. हा फरक कुणालाही ऐकू येतो. चारांची चाल ठाशीव असते, पावलं मोजत चालल्यासारखी. सहांची चाल सलग असते, मऊ घोळ असलेली. ४४ च्या मॉडेलमधून पाच फुत्कार येत असतील तर ते ४४ उरत नाही, दुसरंही कुठलं इंजिन होत नाही.

चूक कुठून येते ते सांगते, कारण आवाजाची बहुतेक मॉडेलं याच वाटेने जातात. आतल्या डीकोडरला, म्हणजे हुकूम वाचून मोटार आणि आवाज चालवणाऱ्या सर्किटला, चाक दिसत नाही. काही महागड्या मॉडेलांत आसाजवळ चुंबक आणि सेन्सर असतो, त्यांची गोष्ट वेगळी. या मॉडेलमध्ये तो नाही. इथे डीकोडर मोटारचा वीजपुरवठा क्षणभर तोडतो, फिरत राहिलेली मोटार उलट किती व्होल्ट निर्माण करते ते मोजतो आणि त्यावरून वेग ताडतो. या अंदाजावर फुत्कार बसवलेले असतात. अंदाज किंचित चुकला की ठोका सरकतो. या डीकोडरमध्ये त्यासाठी सीव्ही ५७ आणि सीव्ही ५८ आहेत (सीव्ही म्हणजे डीकोडरमधली क्रमांक दिलेली, बदलता येणारी सेटिंग). पहिला सगळ्यात कमी वेगाला दोन फुत्कारांमधलं अंतर ठरवतो, दुसरा वेग वाढेल तसं ते अंतर किती घटत जावं ते. माझ्या तीन संध्याकाळी यात गेल्या. मॉडेलचं चाक साधारण १६ मिलिमीटर व्यासाचं, परीघ पन्नासच्या जरा वर. म्हणजे इंजिन जेमतेम साडेआठ मिलिमीटर सरकलं की एक फुत्कार पडायला हवा. तिसऱ्या संध्याकाळी तो तसा पडायला लागला. भाऊ समोरच्या टोकाला रुळांवर वाकला होता, त्याने मान वर करून पाहिलं. मी काही बोलले नव्हते.

हे जुळवणं कारखान्यात व्हायला हवं होतं. इतक्या तपशिलाने रिव्हेट बसवणाऱ्यांनी ठोका तसाच सोडावा, याचं मला अजून वाईट वाटतं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मी एकच नग पाहिला आहे.

मोजायचं ते कमी वेगातच. लांबी-रुंदी ८७ पट लहान होते, वेळ होत नाही. मूळ ४४ ताशी १० किलोमीटरने जात असेल तर सेकंदाला चाराच्या जरा कमी फुत्कार पडतात, आणि प्रमाणातल्या त्याच वेगाला मॉडेलचेही तेवढेच पडायला हवेत. मूळ इंजिनाचा कमाल वेग ताशी ८०. त्या वेगाला सेकंदाला तीस फुत्कार होतात, म्हणजे सुटा ठोका उरतच नाही, सलग गर्जना होते. मॉडेलमध्येही वरच्या वेगात फुत्कार एकमेकांत मिसळतात, आणि ते बरोबरच आहे.

आता आवाजाच्या जातीबद्दल. पहिल्या दिवशी तो कोरडा, पत्र्याचा वाटला. टेंडरचं, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याचं, झाकण उघडलं. स्पीकर साखरेच्या चौकोनी तुकड्याएवढा, त्याच्या मागे प्लॅस्टिकची डबी, आणि डबीच्या एका कडेला फट. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ओढत असतो. पुढची आणि मागची लहर एकमेकींना भेटली की एकमेकींना खातात, आणि खालचे सूर सगळ्यात आधी जातात. मागची डबी हवाबंद हवी ती यासाठी. फटीवर गोंदाची बारीक रेघ ओढली, रात्रभर वाळू दिलं. दुसऱ्या दिवशी त्याच फुत्काराला पोट आलं होतं. एवढ्याशा स्पीकरमधून खर्जाचा गडगडाट निघणार नाही, ते भौतिकशास्त्रात बसतच नाही. पण वरचे सूर स्वच्छ असतील तर कान खालचा सूर स्वतःच भरून काढतो. म्हणून आवाज फाटू न देणं महत्त्वाचं, आणि त्यासाठी तो कमी ठेवणं.

कारखान्यातून तो जवळजवळ कमालीवर येतो. मी एकूण आवाजाची पातळी, इथे सीव्ही ६३, निम्म्याच्याही खाली आणली. माझा हिशेब असा: मी मॉडेलपासून मीटरभर दूर उभी राहते. १:८७ मध्ये हे अंतर ८७ मीटर झालं. एवढ्या लांबून खऱ्या इंजिनाचा वाफेचा बारीक सळसळाट ऐकू येत नाही, कोळशाच्या फावड्याचा आवाज तर नाहीच. फुत्कार येतो, शिट्टी येते, चढावर धाप येते. म्हणून फावडं, पंप, इंजेक्टर हे आवाज मी प्रत्येकी वेगळे करून आणखी खाली नेले. आता ते कानावर पडतात, अंगावर येत नाहीत. शिट्टी मात्र सुरेख आहे. सुरुवात, धरलेला सूर आणि ओसरता शेवट असे तिचे तीन तुकडे आहेत आणि बटण जेवढा वेळ दाबाल तेवढी ती वाजते. जोड कुठे आहे ते मला हेडफोन लावूनही सापडलं नाही.

नियंत्रण हा या मॉडेलचा खरा दागिना. सगळं डीसीसीवर चालतं: रुळांत वीज कायम असते आणि तिच्यातूनच प्रत्येक इंजिनाला त्याच्या क्रमांकाने हुकूम जातो. ही पद्धत जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या कामातून आली आणि १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या एनएमआरए या संघटनेने तिचं सर्वांसाठी एक मानक केलं. त्यामुळे एका कंपनीचा डीकोडर दुसऱ्या कंपनीच्या नियंत्रकावर चालतो. सीव्ही ३ हा वेग घेण्याचा, सीव्ही ४ हा थांबण्याचा. हे दोन्ही आकडे मी बरेच वाढवले. आता नॉब शून्यावर आणला तरी इंजिन थांबत नाही. फुत्कार बंद होतो, नुसता दांड्यांचा खणखणाट उरतो आणि गाडी आपल्या वजनाने घरंगळत राहते. थांबवायची असेल तर ब्रेकचं वेगळं बटण दाबायचं. चाकं करकरतात, सोडलं की पुन्हा घरंगळणं.

दुसरं एक बटण वेग धरून ठेवतं. ते दाबल्यावर नॉब फिरवला की वेग बदलत नाही, फक्त आवाज बदलतो. चढ आला की नॉब वर: इंजिन तेवढंच चालतं, पण छाती फोडून धापा टाकतं. माथ्यावर पोचलं की नॉब खाली: फुत्कार विरतो. बावीस वाघिणी जोडून मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा माझा हात आपसूक जड झाला होता. डीकोडर स्वतःहूनही ओझं ओळखतो, मोटारवर ताण आला की फुत्कार जाड करतो. पण त्यासाठी आधी रिकामं इंजिन सपाट रुळावर चालवून त्याला बिनओझ्याची ओळख करून द्यावी लागते. माहितीपुस्तिकेत हे शेवटच्या पानावर आहे, पहिल्या पानावर हवं होतं. आणि नियंत्रक फिरत्या नॉबचाच घ्या. फोनच्या काचेवर बोट फिरवून ब्रेक मारता येतो, पण त्यासाठी नजर गाडीवरून काढावी लागते.

धुराबद्दल भावाचं आणि माझं एकमत नाही. आत गरम तार आणि छोटा पंखा आहे. पंखा फुत्काराच्या ठोक्यावर फुंकतो, त्यामुळे धूर धुराड्यातून सुटा सुटा उडतो, उदबत्तीसारखा सलग वर जात नाही. कमी वेगात हे दृश्य खरोखर देखणं आहे. १९४६ मध्ये अमेरिकेच्या लायोनेल कंपनीने दिव्याच्या उष्णतेवर गोळी तापवून खेळण्यातल्या इंजिनातून धूर काढला, तिथपासून इथवरचा प्रवास विचारात घेतला तर थक्क व्हायला होतं. पण सिरिंजने एका भरणीला जेवढं तेल जातं, त्यात माझ्या घड्याळाने नऊ मिनिटं धूर आला. टाकी काठोकाठ भरली तर धूर येतच नाही, नुसते बुडबुडे येतात, आणि कोरडी तापली तर तार जळायची भीती. धूर म्हणजे शेवटी तेलाची वाफ. ती खाली बसते, रुळांवर अदृश्य थर चढतो, मग चाकं घसरतात आणि वीज तुटक मिळते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ पुसणं हे काम धूर लावणाऱ्याने करायचं, असं आमच्यात ठरलं आहे. खिडकी उघडी ठेवणं हेही त्याच्याकडेच. आणि धुराची मात्रा हवेत पसरल्यावर कमी-जास्त करता येत नाही. १:८७ चा धूर कुणी बनवू शकत नाही, कारण हवा तीच आहे. म्हणून तो मॉडेलच्या मानाने रेंगाळतो, ढगासारखा लोंबत राहतो.

वीज तुटण्याचा सगळ्यात जास्त त्रास आवाजाला होतो. सांध्यावर, जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे, प्लॅस्टिकचा तुकडा असला की क्षणभर वीज जाते. मोटार फ्लायव्हीलच्या, म्हणजे तिच्यावरच्या जड फिरत्या चाकाच्या, जोरावर निभावून नेते, आवाज मात्र गचकन तुटतो आणि इंजिन पुन्हा पेटवल्याचा नाद सुरू होतो. याला उपाय म्हणजे क्षणभराची वीज साठवणारे कपॅसिटर. टेंडरमध्ये त्यांच्यासाठी जागा आहे, डीकोडरवर डाखाला बिंदू आहेत, पण कपॅसिटर खोक्यात नाहीत. या दर्जाच्या मॉडेलला ते बसवूनच यायला हवेत.

साध्या डीसी नियंत्रकावर, जो फक्त रुळांतले व्होल्ट कमी-जास्त करतो, हे मॉडेल चालवायचा विचार असेल तर घेऊ नका. काही व्होल्ट चढल्यावरच डीकोडर जागा होतो, शिट्टी तुमच्या हातात नसते, ब्रेक नाही, वेग धरणं नाही. माझ्या लेखी जे जे मोलाचं आहे ते सगळं तिथे बाहेरच राहतं.

कपॅसिटर परवा आले. टेंडरचं झाकण स्क्रूविना नुसतं टेकवून ठेवलं आहे, कारण डाख लावताना स्पीकरच्या डबीवरची गोंदाची रेघ पुन्हा सुटली.