जुनं पिनबॉल मशीन: रिलेवालं घ्यावं की बोर्डवालं?

ऑनलाइन डीलरची यादी चाळता चाळता गिऱ्हाईक शेवटी दोन मशीनांवर येऊन अडकतं. एक सत्तरच्या दशकातलं, रिले (विजेने उघडमीट होणारे खटके) आणि आकड्यांच्या फिरत्या चाकांवर चालणारं. दुसरं नव्वदच्या दशकातलं, इलेक्ट्रॉनिक बोर्डवालं: ठिपक्यांचा नारिंगी पडदा, बोलणारा आवाज, उंच रॅम्प, एका वेळी तीन-तीन बॉल. पहिलं मी घेतलं, दुसरं माझ्या साडूंनी. दोन्ही मशीनं भिवंडीच्या एकाच गोदामातून, एकाच ट्रकने, कसारा घाट चढून धुळे-पारोळ्यामार्गे आली. एक जळगावला साडूंकडे उतरलं, दुसरं भुसावळला माझ्याकडे. खाली जे लिहितोय त्याला आधार एवढाच. मोजमापं घेतलेली नाहीत, खेळलोय मात्र दोन्हींवर भरपूर.

मधल्या पिढीचं आधी उरकतो. १९७७ च्या सुमारास बोर्डं आली आणि पुढच्या काही वर्षांतल्या पुष्कळ मशीनांच्या मुख्य बोर्डावर रिचार्जेबल निकेल-कॅडमियम बॅटरी थेट सोल्डर करून बसवलेली असे. ती गळते आणि आजूबाजूचं तांबं खाऊन टाकते. त्या कोपऱ्याचा जवळून काढलेला फोटो मिळाल्याशिवाय या पिढीच्या वाटेला जाऊ नये, असं आपलं माझं मत. आणि कुणी ‘अँटिक’ म्हणून १९४७ च्या आधीचं काही दाखवत असेल, तर फ्लिपर, म्हणजे बटण दाबलं की बॉल परत वर उडवणारे दांडे, आले ते त्या वर्षी, गॉटलीब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’मध्ये, हे ध्यानात असू द्या. त्याआधीचं मशीन बैठकीत शोभून दिसेल. खेळणारा मात्र लगेच कंटाळेल.

खेळ म्हणून पाहिलं तर बोर्डवालं सरस आहे, हे मी साडूंच्या तोंडावरही कबूल करतो. त्यात गोष्ट असते, टप्पे असतात, एक साधलं की दुसरं खुणावतं. रिलेवाल्यात तेच चार-पाच टार्गेट, बॉलला ढकलून देणारे तेच बंपर, आणि पॉइंट पडले की धातूच्या पट्ट्यांवर टण् टण्. लहान पोरं माझ्या मशीनवर फार वेळ टिकत नाहीत. लग्नकार्याला पाहुणे जमले की सगळी गर्दी जळगावच्या मशीनभोवती असते, आणि माझ्याकडे येतात ते चहा पिऊन झाल्यावर, तेही बहुतेक पन्नाशीपुढचे. किंमतही हेच सांगते. मी बघत होतो तेव्हा बोर्डवाल्याची किंमत रिलेवाल्याच्या जवळपास दुप्पट होती. १९९२ च्या ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’सारखी २०,२७० नग निघालेली मशीनं तर आणखी महाग, कारण मागणी जगभर आहे. सुटे भाग मात्र त्यामुळेच मिळतात. विल्यम्स कंपनीने १९९९ साली पिनबॉल बंद केलं, तरी रॅम्प, प्लॅस्टिक, पडदे दुसरे लोक अजून बनवतात.

मग मी रिलेवाल्याकडे का वळलो? एका त्रासापायी. तो मुंबईत बहुधा जाणवणारही नाही.

एप्रिल-मे महिना. संध्याकाळी सात-साडेसातची वेळ. घरोघरी कूलर सुरू, लाइट पिवळे पडलेले. अशा वेळी साडूंच्या मशीनवर तासभर धडपडून मल्टिबॉल लागतो, तीन बॉल एकदम अंगावर येतात, साहजिकच दोन्ही फ्लिपर एकदम दाबले जातात, आणि मशीन बंद पडतं. पूर्ण बंदही नाही. पडदा विझतो, क्षणभर सगळं गप्प, मग कंपनीचं नाव झळकतं आणि मशीन नव्याने सुरू होतं. स्कोर गेला, गेम गेला. बॉल मात्र निवांत खाली घरंगळत येतात. एकदा झालं तर माणूस हसतो. पण हे नेमकं खेळ रंगात आल्यावरच होतं, कारण दोन्ही फ्लिपर एकत्र दाबायची वेळ तेव्हाच येते. रटाळ गेम शेवटपर्यंत सुखरूप चालतो.

कारण समजून घ्यायला इंजिनियर असावं लागत नाही. बोर्डावरच्या प्रोसेसरला लागतात पाच व्होल्ट, आणि ते येतात त्याच ट्रान्सफॉर्मरमधून ज्यातून फ्लिपर उचलणाऱ्या कॉइलींनाही (तारेच्या वेटोळ्यांनाही) वीज जाते. दोन्ही फ्लिपर एकदम उचलले की ट्रान्सफॉर्मरवर झटका बसतो. घरातला विजेचा दाब (व्होल्टेज) आधीच पडलेला असेल तर पाचाचे पावणेपाचच्या आसपास होतात, आणि बोर्डावरचा पहारेकरी सर्किट ‘काहीतरी बिघडलंय’ असं समजून प्रोसेसर नव्याने चालू करतो. बिघडलेलं काहीच नसतं, गावात कूलर लागलेले असतात.

यावर उपाय आहेत, नाही असं नाही. साडूंनी ते एकेक करून पाहिले. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडून पाच व्होल्टच्या लाइनीवरचा ब्रिज रेक्टिफायर आणि १५,००० मायक्रोफॅरडचा मोठा कॅपॅसिटर बदलून घेतला. तीस वर्षांचे झालेले ते भाग बदलायलाच हवे होते, आणि फरकही पडला. पण मे महिन्यात दुखणं पुन्हा वर आलं. मग ट्रान्सफॉर्मरची जोडणी कमी दाबासाठी असलेल्या टोकावर, म्हणजे टॅपवर, केली. संध्याकाळ सुधारली, पण आमच्याकडे रात्री उशिरा दाब उलट इतका चढतो की बल्ब भगभगायला लागतात, आणि तेव्हा मशीन त्या टॅपवर चालू ठेवायला त्यांचा जीव होईना. फ्रिजला लावतात तो साधा स्टॅबिलायझर लावला, तर तो टप्पा बदलताना ‘टक्’ करतो आणि नेमक्या त्या टकला मशीन रीसेट. शेवटी टप्प्यांऐवजी सलग दाब जुळवणारा सर्व्हो स्टॅबिलायझर आणला, तेव्हा कुठे त्रास आटोक्यात आला. अगदी संपला असं साडूही म्हणत नाहीत. हा खर्च डीलरच्या किमतीत धरलेला नसतो. डीलरही काही लपवत नाही म्हणा, त्याच्या गोदामात दाब पुरेसा असतो आणि व्हिडिओत मशीन झकास चालतं.

रिलेवाल्याचं काय होतं? त्याच संध्याकाळी माझे फ्लिपर दुबळे पडतात, बॉल वरच्या बंपरपर्यंत पोचत नाही, दिवे मंदावतात. चिडचिड होते, नक्कीच होते. पण गेम चालू राहतो. आणि लाइट पूर्णच गेली तरी आकडे चाकांवर जिथल्या तिथे उभे असतात, कारण त्यांना वीज लागते ती फक्त फिरायला. कितवा बॉल चालू होता हेसुद्धा एका दातेरी चाकाला ठाऊक असतं. लाइट आल्यावर तोच गेम पुढे चालेल की नाही, हे त्या त्या मशीनच्या वायरिंगवर आहे. माझं बहुतेक वेळा बॉल बाहेर काढून देतं. भारनियमनाच्या गावात याची किंमत काय, हे ज्याने त्याने ठरवावं.

एक गोष्ट डीलर सांगत नाही, म्हणून सांगतो. रिलेवाली मशीनं बहुतेक अमेरिकेतली, ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झची. व्होल्टचा प्रश्न स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर सोडवतो. ५०० व्हीएचा तरी घ्या, छोटा तापतो. हर्ट्झचा प्रश्न तो सोडवत नाही. आतली स्कोर मोटर आपल्या ५० हर्ट्झवर सहाव्या हिश्शाने सावकाश फिरते, त्यामुळे पाचशे पॉइंट पडताना पाच ठोके थोडे रेंगाळत पडतात. सुरुवातीला खटकतं. मला आता तीच चाल आवडते, पण ही मशीन घेऊन बसलेल्याची माया असू शकते. युरोपसाठी बनलेलं मशीन मिळालं तर हा प्रश्नच येत नाही. यादीत तसं लिहिलं नसेल तर आतल्या पाटीचा फोटो मागा.

उताराचंही तसंच. बोर्डवालं साडेसहा अंशांवर ठेवायचं, रिलेवालं साडेतीनच्या आसपास. डीलरची माणसं दोन्ही एकाच मापाने पाय फिरवून ठेवून जातात, आणि मग लोक म्हणतात रिलेवाल्याचे फ्लिपर मेलेत. काच काढून मोबाइलमधलं लेव्हल बॉल फिरतो त्या फळकुटावर ठेवा, पाय खालीवर करा, निम्मी तक्रार तिथेच मिटते.

दुरुस्तीबद्दल माझं मत पक्षपाती आहे, कारण मी राहतो भुसावळात. इथे रेल्वेच्या सिग्नल खात्यात आयुष्य घालवलेली माणसं गल्लीगल्लीत आहेत. आमच्याकडे येतात ते आप्पा मूळचे अमळनेरकडचे, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मशीनचं फळकूट उचलून त्यांनी खालचे रिले, पत्त्यांचे (पातळ धातूच्या पट्ट्यांचे) कॉन्टॅक्ट आणि कापडात बांधलेल्या वायरी पाहिल्या, नकाशा चटईवर पसरला आणि म्हणाले, “भाऊ, हाई ते सोपं काम शे.” सोपं नव्हतंच. मोजणी एकेक दात पुढे सरकवणाऱ्या स्टेपर युनिटमधलं जुनं ग्रीस इथल्या उन्हाने लाखेसारखं घट्ट झालं होतं. ते खरवडून काढण्यात दुपारच्या दुपार गेल्या. पण कुठला कॉन्टॅक्ट कधी बंद व्हायला हवा, हे नकाशावर बोट ठेवून शोधता येतं आणि बिघाड डोळ्यांना दिसतो. नव्वदीतला बोर्ड बिघडला तर तो काढून पार्सल करायचा आणि वाट पाहायची. ज्याच्या ओळखीत बोर्ड दुरुस्त करणारा हुशार मुलगा आहे, त्याने माझं हे म्हणणं खुशाल सोडून द्यावं.

कॉइल जळणं दोन्हीकडे आहे, आणि त्यात खान्देशाची बाजू भक्कम आहे. यावल-रावेर पट्ट्यात केळीच्या बागांना पाणी देणारे पंप आहेत, म्हणून मोटार रिवाइंडिंगची दुकानं पावलापावलावर आहेत. पिनबॉलच्या पुष्कळ कॉइलींच्या वेष्टनावर २३-८०० असं काहीतरी छापलेलं असतं: २३ गेजची तार, ८०० वेढे. दुकानात फक्त ‘२३ गेज’ म्हणालात की घोळ होतो. अमेरिकन २३ गेज म्हणजे ०.५७ मिलिमीटर, आणि आपल्याकडे ज्या मापाने तार मिळते त्यातलं २३ गेज ०.६१. तार जाड झाली की वेढे मावत नाहीत आणि कॉइलीची चाल बदलते. मिलिमीटर सांगा, आपल्याकडची २४ नंबरची तार जवळ जाते.

आता रिलेवाल्याची खरी खोट. त्याला धूळ सोसत नाही. दोन-तीन महिने न खेळता ठेवलं की कुठला तरी कॉन्टॅक्ट रुसतो, आणि तो पॉलिश पेपरने नाही, बारीक कानशीने हलक्या हाताने पुसावा लागतो. ज्यांना हा उद्योग आवडत नाही त्यांनी रिलेवालं घेऊच नये. साडू मशीनची काच काढत नाहीत. मी दर महिन्याला काढतो, आणि मला ते आवडतं, हेही यात आलंच.

दुसरी खोट काचेवरच्या चित्राची. रिलेवाल्याच्या मागच्या काचेवर रंग थेट छापलेला असतो. ऊन आणि दमटपणा यांची अदलाबदल झाली की त्याच्या खपल्या निघतात, आणि गेलेला रंग परत येत नाही. बोर्डवाल्यात चित्र वेगळ्या पारदर्शक फिल्मवर असतं, त्याला ही भीती नाही. आपलं कोरडं ऊन एकवेळ परवडलं, पण वाळ्याच्या कूलरची ओली हवा थेट मशीनवर सोडू नका. पत्त्यांना गंज चढतो, प्लायवूड फुगतं, चित्र सुटतं. मशीन पश्चिमेच्या भिंतीला नको आणि कूलरसमोरही नको. खान्देशातल्या घरात मग जागा उरते ती जिन्याखालची, माझं तिथेच आहे. उलट बाजूने पाहिलं तर किनाऱ्याकडून आलेल्या मशीनांना गंज आधीच लागलेला असतो. म्हणून डीलरकडे वरच्या चकचकीत फोटोंपेक्षा फळकुटाखालचे फोटो मागा, आणि मागची काच अंधारात, आतले दिवे लावून दाखवायला सांगा. खपली अशीच दिसते.

वाहतुकीबद्दल थोडक्यात. शंभर-सव्वाशे किलोचा डाग आहे, हमाली आधी ठरवा. निघण्यापूर्वी बॉल बाहेर काढून पिशवीत बांधायला लावा. आत राहिलेला एक बॉल पारोळ्यापर्यंतच्या खड्ड्यांत फळकुटाचा चुराडा करू शकतो. बहुतेक डीलरांची ‘टेस्टिंग वॉरंटी’ गाडी भरली की संपते, तेव्हा पैशाचा शेवटचा हप्ता उतरवून चालवून पाहिल्यावर देईन, असं बोलून पाहा. कधीकधी ऐकतात.

एवढं वाचूनही बोर्डवाल्यावरच जीव असेल तर जरूर घ्या. घरात पोरं असतील आणि सर्व्होचा खर्च पेलत असेल, तर तेच बरं पडेल कदाचित. फक्त पैसे पाठवण्याआधी डीलरकडून एक व्हिडिओ मागवा: मशीन व्हॅरिअ‍ॅकवर (दाब हवा तसा कमीजास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) लावून दाब २०० व्होल्टपर्यंत उतरवलेला, मीटर कॅमेऱ्यात दिसतोय, आणि चालू गेममध्ये दोन्ही फ्लिपर एकदम पुन्हा पुन्हा दाबले जातायत. पडदा टिकला तर घासाघीस न करता घ्या. डीलर ‘व्हॅरिअ‍ॅक नाही आमच्याकडे’ म्हणाला, तर सर्व्हो स्टॅबिलायझरची किंमत विचारून या आणि तेवढी मशीनच्या किमतीतून वजा करायला सांगा.