मोठ्या शहरी वाचनालयाचं सभासदत्व: वर्षभराच्या वापरानंतर, जमाखर्चासकट

खान्देशातल्या एका मोठ्या शहरातल्या 'अ' वर्ग सार्वजनिक वाचनालयाचा हा अनुभव आहे. उन्हाळा, पावसाळा, दिवाळी आणि मार्चअखेर असं पूर्ण वर्ष वापर झाल्यावर लिहितोय. दोन-तीन महिन्यांत वाचनालयाचा अंदाज येत नाही. नवी पुस्तकं कधी मांडणीवर येतात, अभ्यासिकेचं मे महिन्यात काय होतं, दिवाळी अंक किती हातांतून टिकतात, हे वर्षाच्या फेऱ्यातच कळतं. आणि यातल्या बहुतेक गोष्टींचं कारण जमाखर्चात सापडतं, म्हणून सेवा आणि पैसा वेगळे न काढता लिहितो.

आधी सभासदत्व. छापील अर्ज, दोन फोटो, आधार किंवा पत्त्याचा दुसरा पुरावा आणि जुन्या सभासदाची ओळख म्हणून सही, एवढं लागतं. पैसे तीन प्रकारचे असतात: प्रवेश शुल्क परत मिळत नाही, अनामत परत मिळते आणि वर्गणी महिन्याची किंवा वर्षाची. एका पुस्तकाचा वर्ग आणि दोन पुस्तकांचा वर्ग असे भेद असतात, मासिकं घरी न्यायची तर थोडी जास्त. पावतीवर या तिन्ही रकमा वेगळ्या लिहून घ्या. "सभासद फी" असं एकच मोघम लिहिलं की पाच वर्षांनी अनामत मागताना जुनी वही शोधत बसावं लागतं. पुस्तकं देण्याच्या सेवेला जीएसटी माफ आहे, तेव्हा वर्गणीवर तो लावलेला दिसला तर तिथेच विचारा. वर्गणी वर्षाची एकदम भरलेली बरी. महिन्याचा हप्ता थकला की खातं बंद पडतं आणि थकबाकी भरेपर्यंत पुस्तक मिळत नाही. हा नियम कडक वाटतो, पण त्यात काही चूक नाही.

दोन पुस्तकांच्या वर्गाची महिन्याची वर्गणी आज एका नव्या कादंबरीच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाइतकीसुद्धा नाही. वाचकाच्या दृष्टीने याहून स्वस्त सौदा शहरात दुसरा नाही. वाचनालयाच्या दृष्टीने मात्र वर्गणीतून विजेचं बिलही पुरतं भागेल याची खात्री नसते.

मग घर चालतं कशावर? महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967 चा. त्याखाली शासनमान्य वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवण्यासाठीचा पैसा, मिळतं. 2022 मध्ये त्यात 60 टक्के वाढ झाली. जिल्हा 'अ' वर्गाचे वर्षाचे 7,20,000 रुपये होते ते 11,52,000 झाले, तालुका 'अ' चे 3,84,000 होते ते 6,14,400. आकडा ऐकायला बरा वाटतो. पण त्यातले निम्मे वेतनावर आणि निम्मे वेतनेतर बाबींवर खर्चायचे असतात. म्हणजे त्या वाढीनंतर जिल्हा 'अ' मध्येसुद्धा पगारासाठी वर्षाला 5,76,000, महिन्याला 48,000. यात ग्रंथपाल, सहायक, लिपिक, देवघेवीवर बसणारे आणि शिपाई सगळे आले. सहा माणसं धरली तर डोई 8,000 रुपये. तालुका 'अ' मध्ये सगळ्यांचे मिळून महिन्याला 25,600. खेड्यातल्या 'ड' वर्ग वाचनालयाचं सगळं वार्षिक अनुदान या वाढीनंतर 48,000 झालं, म्हणजे मोठ्या वाचनालयाच्या एका महिन्याच्या वेतनाइतकं. देवघेवीच्या टेबलावर संध्याकाळी एकच माणूस का असतो आणि ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली मुलं इथे का टिकत नाहीत, याचं उत्तर या भागाकारात आहे. त्या एका माणसाला सात वाजताच्या गर्दीत "जरा लवकर" म्हणण्याआधी हा हिशोब आठवावा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्या कायद्यात ग्रंथालय कर नाही. कर्नाटकात मालमत्ता करावर 6 टक्के ग्रंथालय उपकर घेतला जातो, तमिळनाडूत रुपयामागे 10 पैसे. तिथे शहर वाढलं की वाचनालयाचं उत्पन्न आपोआप वाढतं. आपल्याकडे कायद्याने शासनाने ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान 25 लाख रुपये घालायचे, एवढंच बंधन. बाकी सगळं अर्थसंकल्पातल्या तरतुदीवर आणि दर काही वर्षांनी होणाऱ्या वाढीवर. शहरातल्या नव्या कॉलन्यांमधून घरपट्टी वाढत राहते, पण तिच्यातला रुपया वाचनालयाकडे येत नाही.

आता नव्या पुस्तकांचा प्रश्न, ज्यावर वाचक सगळ्यात जास्त चिडतात. अनुदान हप्त्यांनी येतं आणि शेवटचा हप्ता बहुधा मार्चच्या तोंडावर. ती रक्कम 31 मार्चच्या आत खर्ची पडली पाहिजे. त्यामुळे वर्षाची मोठी खरेदी फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम होते. पण पुस्तक आलं म्हणजे लगेच मांडणीवर आलं असं नाही. बिलाशी ताळा, दाखल नोंदवहीत (आलेलं प्रत्येक पुस्तक जीत क्रमाने लिहितात ती वही) नोंद, दाखल अंक, शीर्षकपानावर आणि ठरलेल्या गुप्त पानावर शिक्का, वर्गांक, संगणकात नोंद, कण्यावर चिठ्ठी, मागे तारीखपत्रक, वरून प्लास्टिकचं आवरण. एका माणसाकडून दिवसाला पाच-पंचवीस पुस्तकं होतात, तीही देवघेव सांभाळून. म्हणून मार्चमध्ये घेतलेलं पुस्तक मे-जूनमध्ये हातात पडतं, आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी मांडणी जुनीच दिसते. उपाय साधा आहे. देवघेवीजवळ मागणी नोंदवही असते, तीत लेखक, प्रकाशक आणि किंमत लिहून डिसेंबर-जानेवारीतच नोंद करा. खरेदीची यादी करताना ती वही उघडली जाते. नुसतं "नवीन चांगली पुस्तकं आणा" लिहिलेल्या ओळी कोणाच्याच कामाच्या नसतात. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनांमधूनही पुस्तकं येतात, पण त्यात वाचकाच्या मागणीला वाव कमी.

पुस्तक शोधणं. मुक्तद्वार पद्धत आहे, म्हणजे आत जाऊन स्वतः काढता येतं, आणि ही या वाचनालयाची सगळ्यात मोठी जमेची बाजू. माहितीपर पुस्तकं ड्यूई दशांश वर्गीकरणाने लावलेली आहेत, मराठी साहित्याचा 891.46 हा अंक लक्षात ठेवला तर बराच वेळ वाचतो. कथा-कादंबऱ्या मात्र लेखकाच्या आडनावाने, त्यातही एका अक्षरात कसलाच क्रम नाही. संगणकावरच्या तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या यादीत, नाव टाकून "नाही" असं आलं तर लगेच परत फिरू नका. बऱ्याच वाचनालयांत जुन्या नोंदी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये भरलेल्या असतात. त्या नव्या प्रणालीत आणताना जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, आणि मग "सूर्य" शोधला तरी सापडत नाही. शिवाय ऱ्हस्व-दीर्घ भरणाऱ्याच्या मर्जीने. आडनावाची पहिली दोन अक्षरं टाका, यादी खाली सरकवत पाहा. तरी नाही मिळालं तर दाखल नोंदवही विचारा. तिथे असलं आणि मांडणीवर नसलं, तर पुस्तक बांधणीला गेलंय किंवा चुकीच्या फळीवर आहे.

ग्रंथसंख्येच्या आकड्यावर फार भाळू नये. 'अ' वर्गासाठी 15,000 च्या वर ग्रंथ लागतात. वर्ग टिकवायचा म्हणून फाटकी, कालबाह्य पुस्तकं बाद करायला समिती कचरते. जुन्या करकायद्यांची गाइडं, रद्द झालेल्या अभ्यासक्रमांची पुस्तकं फळ्या अडवून बसतात. शासनाने 2012 मध्ये केलेल्या वाचनालयांच्या पडताळणीनंतर बरीच वर्षं नवी मान्यता आणि दर्जावाढ थांबलेली होती, त्यामुळे हातातला वर्ग घालवण्याची भीती खरीच आहे. तरी नियमाप्रमाणे ठराव करून दरवर्षी थोडी पुस्तकं बाद करता येतात, आणि ती करायला हवीत. जागा मोकळी होईल तेव्हाच नवी पुस्तकं डोळ्यांसमोर येतील.

अभ्यासिका हा वेगळाच संसार. एमपीएससी, पोलिस भरती, तलाठी, बँक अशा परीक्षांची मुलंमुली सकाळी दार उघडायच्या आधी रांगेत असतात. शिंदखेडा, यावल, शहाद्याकडून येऊन खोली करून राहणाऱ्यांना खासगी अभ्यासिकेपेक्षा इथलं शुल्क बरंच परवडतं. अडचणी दोन. एक, जागा राखून ठेवणं. वही-बाटली ठेवून चार तास गायब होणाऱ्यांमुळे बाहेरचे ताटकळतात. क्रमांकाची खुर्ची आणि तासभर रिकामी राहिलेली जागा दुसऱ्याला देण्याचा नियम जिथे पाळला गेला, तिथे हा त्रास संपला. दुसरी अडचण विजेची. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 वर गेला की पंख्यांनी भागत नाही, पाण्याचे कूलर लागतात, आणि वीज गेली की पत्र्याच्या छताखालचा मजला रिकामा होतो. इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखे चालतात, कूलर चालत नाहीत. दुपारी 12 ते 4 तळमजल्यावर जागा मिळाली तरच बसा.

कूलरचं एक पथ्य वाचनालयांनी पाळलंच पाहिजे: त्याचा झोत पुस्तकांच्या फळ्यांकडे नको. मे महिन्यात बाहेरची हवा कोरडीठाक असते, तिने बांधणीचा सरस तडकतो. त्याच पुस्तकांवर कूलरची ओली हवा आली की पुठ्ठा फुगतो, आणि जुलैच्या पावसात त्याच जागी बुरशी धरते. कपाट भिंतीपासून निदान चार-पाच इंच पुढे ओढलेलं हवं, नाहीतर भिंतीची ओल आणि वाळवी सरळ आत जाते. जुन्या पुस्तकात पानापानांतून आरपार गोल बारीक भोकं आणि कण्याजवळ पिठासारखी भुकटी दिसली, तर ती कसर. असं पुस्तक परत फळीवर ठेवू नका, टेबलावर द्या. एका पुस्तकातली कसर शेजारच्या पुस्तकांत जायला वेळ लागत नाही. डांबरगोळ्यांनी ती मरत नाही, पुस्तक वेगळं काढून धुरी द्यावी लागते. चिकटपट्टीने पान जोडण्याचं औदार्यही टाळा. काही वर्षांत पट्टी पिवळी पडून अक्षरं घेऊन निघते.

दिवाळी अंकांसाठी वेगळी योजना असते, थोडी रक्कम भरून तीन-चार महिने अंक बदलत राहायचे. पहिल्या आठवड्यातच नाव नोंदवा. गाजलेल्या अंकाच्या दोन-तीन प्रतीच असतात आणि जानेवारीपर्यंत मुखपृष्ठ सुटलेलं असतं. ज्या ठिकाणी अंक आल्याआल्या कण्यातून सुई-दोऱ्याने शिवून घेतात, तिथे तो मार्चपर्यंत निभावतो.

संदर्भ विभाग दुर्लक्षित, पण मोलाचा. 1880 चं खानदेश गॅझेटियर, म्हणजे 1906 मध्ये पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे होण्याआधीचं, इथे बसून वाचता येतं, घरी मिळत नाही. विश्वकोशाचे खंड आहेत, ते आता इंटरनेटवर मोफत असल्याने त्यासाठी फेरी मारायची गरज नाही. अहिराणीची पुस्तकं एका जागी नाहीत, काही लोकसाहित्यात, काही कवितेत विखुरली आहेत. खान्देशातल्या वाचनालयात अहिराणीला स्वतंत्र फळी नसावी हे मला मनापासून खटकतं. ती करायला पैसाही लागत नाही. हस्तलिखितं, जुनी दफ्तरं हवी असतील तर इथे वेळ घालवू नका, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर ही त्याची ठिकाणं.

शेवटी ताळेबंद कसा वाचायचा ते. वाचनालय बहुधा सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असतं, वार्षिक अहवालात परिशिष्ट 8 म्हणजे ताळेबंद आणि परिशिष्ट 9 म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रक छापतात. सभासदाला तो अहवाल मागता येतो. ताळेबंदात देण्याच्या बाजूला "वाचक अनामत" ही रक्कम शोधा, मग मालमत्तेच्या बाजूला बँकेतल्या मुदतठेवी. अनामतीइतक्या ठेवी दिसल्या तर तुमचे पैसे शाबूत आहेत. ठेवी कमी असतील तर अनामत रोजच्या खर्चात गेलेली आहे, आणि परत मागणारे एकदम आले तर अनुदानाच्या हप्त्याची वाट पाहावी लागेल. उत्पन्नात गाळ्यांचं आणि सभागृहाचं भाडं किती, अभ्यासिकेचं शुल्क किती, हे मागच्या वर्षाशी ताडून पाहा. खर्चात पुस्तकखरेदी आणि बांधणी या दोन ओळी बघा. बांधणीवर जवळपास काहीच खर्च नसेल तर जुना संग्रह झिजतोय हे नक्की. देणगी द्यायची असेल तर आधी 80जी नोंदणी, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळवून देणारी नोंदणी, आहे का ते विचारा. 2,000 रुपयांवर रोख दिली तर वजावट मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही. पुस्तकांची देणगी यादी करून द्या, पोत्यात भरून आणू नका, त्यातलं काय ठेवायचं हे ग्रंथपालांनाच ठरवू द्या.

वार्षिक सभेत मतदानाचा हक्क प्रत्येक वर्गाच्या सभासदाला नसतो, काही ठिकाणी तो फक्त आजीव आणि आश्रयदाता सभासदांपुरता असतो. संस्थेची घटना, म्हणजे नियमावली, मागून घेऊन ते पाहा. हक्क असेल तर वर्गणी भरण्याची शेवटची तारीख कोणती, मतदार यादी कधी लागते, हे विचारून ठेवा. सभेची सूचना फलकावर लागते आणि त्या फलकाकडे फारसं कोणी पाहत नाही. प्रश्न लेखी द्यायचा असेल तर सभेच्या आधी किती दिवस, तेही घटनेत असतं. पुढच्या सभेसाठी माझ्या यादीत तीन प्रश्न आहेत: अनामतीच्या ठेवी पूर्ण आहेत का, बांधणीला वेगळी तरतूद का नाही, आणि अहिराणीची फळी कधी लागणार.