एका आठवड्यातले पाच सामने: साडेतीन तास कुठे द्यायचे?

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मराठी मुलांना पहिल्या वर्षी थँक्सगिव्हिंगची सुट्टी अंगावर येते. कॅम्पस ओस पडतं, रूममेट आपापल्या घरी जातात आणि टीव्ही लावावा तर दिवसभर कॉलेजांचा अमेरिकन फुटबॉल. दर वर्षी कुणी ना कुणी मला विचारतं, "एकच सामना पूर्ण बघायचा असेल तर कुठला बघू?" तेव्हा मी चालू आठवडा सांगत नाही. मी 2024चा थँक्सगिव्हिंगचा आठवडा सांगतो, म्हणजे 29 आणि 30 नोव्हेंबर. निकाल माहीत असला तरी बिघडत नाही. या खेळात निकाल कसा घडतो हे दिसायला लागलं की गोडी लागते, आणि त्या दोन दिवसांत निकाल घडण्याचे जितके प्रकार दिसले तितके मी एका आठवड्यात क्वचितच पाहिलेत.

अगदी कोऱ्या पाटीने येणाऱ्यासाठी नियम एवढेच. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्याचा. शेवटच्या पट्ट्यात पोचलात की टचडाउनचे 6 गुण, वर लाथेचा 1 किंवा पुन्हा घुसलात तर 2. तिथवर जमत नसेल तर लांबून लाथ मारून फील्ड गोल, त्याचे 3. बाकीचं बघता बघता कळतं.

जॉर्जिया 44, जॉर्जिया टेक 42

नवख्याने इथून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

जॉर्जिया टेक अटलांटात, जॉर्जिया विद्यापीठ अथेन्समध्ये. मध्ये शंभर-सव्वाशे किलोमीटर. टेकमध्ये आपली किती मुलं इंजिनिअरिंगच्या मास्टर्सला जातात हे सांगायला नको. टेकने 2016नंतर जॉर्जियाला हरवलं नव्हतं. त्या शुक्रवारी रात्री अथेन्सच्या सॅनफर्ड स्टेडियमवर मध्यंतराला फलक होता टेक 17, जॉर्जिया 0. शेवटची पाच-सहा मिनिटं उरली तेव्हाही टेककडे 27-13 अशी आघाडी होती.

हा सामना नवख्याला का सांगतो? कारण टेकचा क्वार्टरबॅक हेन्स किंग. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात चेंडू येतो आणि पुढचं सगळं जो ठरवतो तो. बरेच क्वार्टरबॅक मागे उभे राहून फेकतात. नवख्याला ते कळायला वेळ लागतो, कारण चेंडू हवेत जाईपर्यंत कोण मोकळं होतं हे नजरेत भरत नाही. किंग मात्र स्वतः पळतो. खांद्याच्या दुखापतीतून उठलेला हा मुलगा चेंडू छातीशी धरून थेट गर्दीत घुसतो. कबड्डी पाहत वाढलेल्या माणसाला तिथे काय चाललंय हे समजावून सांगावं लागत नाही. त्या रात्री त्याने फेकून 303 यार्ड काढले आणि दोन टचडाउन दिले, पळून 110 यार्ड काढले आणि तीन टचडाउन स्वतः केले. त्याच्या समोर जॉर्जियाचा कार्सन बेक, मागे उभा राहून फेकणारा. पूर्वार्धात त्याचं काहीच जमत नव्हतं. शेवटी त्याच्या नावावर पाच टचडाउन आणि 297 यार्ड लागले. दोन वेगळ्या घडणीचे क्वार्टरबॅक एकाच सामन्यात आळीपाळीने बघायला मिळतात. शिकणाऱ्याला आणखी काय हवं?

आणि मग दोन मिनिटं उरली असतानाचा तो प्रसंग. टेक सात गुणांनी पुढे, एक यार्ड मिळवला की जवळपास काम फत्ते. किंग स्वतः पळाला. डॅन जॅक्सनने त्याला धडक दिली, चेंडू हातातून सुटला आणि जॉर्जियाने उचलला. हेल्मेटवर हेल्मेट आदळलं, तो फाउल होता, अशी टेकवाल्यांची ओरड झाली. पंचांनी फाउल दिला नाही. मिनिटभर उरलं असताना जॉर्जियाने 27-27 केलं.

पुढे आठ ओव्हरटाइम. पहिल्या दोनांत दोन्ही संघांना 25 यार्डांवरून चढाई मिळते. तिसऱ्यापासून नियम बदलतो. तीन यार्डांवरून एकेकच प्रयत्न, घुसलात तर दोन गुण, नाही तर शून्य. दोघेही चुकतात, दोघेही साधतात, आणि हे लांबतच जातं. आठव्यात जॉर्जियाचा पहिल्या वर्षाचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, नेट फ्रेझर घुसला आणि संपलं. वरच्या श्रेणीच्या कॉलेज फुटबॉलमध्ये याहून जास्त ओव्हरटाइम एकदाच झालेत, 2021मध्ये इलिनॉय आणि पेन स्टेट नऊपर्यंत गेले होते तेव्हा.

भारतात हा सामना शनिवारी सकाळी सहाला सुरू झाला. चहा घेऊन बसलेला माणूस दहा वाजेपर्यंत अंघोळीला उठला नसेल.

मिशिगन 13, ओहायो स्टेट 10

हे दुसऱ्या सामन्याचं उत्तर आहे. पहिला बघून झाल्यावर, शक्यतो दोन-चार सामने पदरी पडल्यावरच इकडे या. आकडे बघून हा कंटाळवाणा वाटतो आणि नवख्याला तो खरंच कंटाळवाणा वाटेल. मला स्वतःला आठवड्यातला सगळ्यात मोठा खेळ इथे दिसला.

ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर, कोलंबसमधलं स्वतःचं मैदान. मिशिगनने त्या मोसमात सहा जिंकलेले, पाच हरलेले. जाणकारांनी सुमारे वीस गुणांनी मिशिगन हरेल असा हिशोब मांडलेला. त्यात मिशिगनचे विल जॉन्सन आणि कोल्स्टन लव्हलंड हे दोन बिनीचे खेळाडू बाहेर. त्यांच्या क्वार्टरबॅकने, डेव्हिस वॉरनने, सामनाभर फेकून काढले अवघे 62 यार्ड आणि दोनदा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिला. असे आकडे असताना संघ जिंकतो कसा?

त्यासाठी चेंडूकडे बघणं सोडावं लागतं. चेंडू सुरू होतो तिथे दोन्ही बाजूंचे जे धिप्पाड गडी एकमेकांवर तुटून पडतात, त्यांच्याकडे बघा. मिशिगनच्या बचावात मधोमध मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट हे दोन पहाड. ओहायो स्टेटच्या आघाडीच्या रांगेतला मधला खेळाडू सेथ मॅकलॉफ्लिन आणि डाव्या टोकाचा जॉश सिमन्स दोघेही जायबंदी होऊन मोसमाला मुकलेले. ओहायो स्टेटकडे जेरेमाया स्मिथसारखा झेलणारा होता, तरी ते पुन्हा पुन्हा त्या दोन पहाडांवरच डोकं आपटत राहिले. सामनाभर त्यांनी पळून काढले 77 यार्ड. एकट्या कलेल मलिंग्जने मिशिगनसाठी 32 वेळा चेंडू घेऊन 116 काढले. मध्यंतराला 10-10 होते. उत्तरार्धात दोन्ही संघांचे मिळून फक्त तीन गुण झाले, तेही 45 सेकंद राहिली असताना, डॉमिनिक झवाडाच्या 21 यार्डांच्या लाथेतून. त्या शेवटच्या चढाईत मलिंग्जची 27 यार्डांची धाव येते. ती लावून बघा, मग थांबवून त्याच्या पुढे रस्ता कुणी मोकळा केला ते बघा. मला ती धाव आठवड्यातली सर्वोत्तम वाटते. अंतराने नव्हे, कारण त्याआधीचे तीस-एक फेरे कुटून काढल्यावर ती मिळाली होती.

ओहायो स्टेटच्या जेडन फील्डिंगच्या दोन लाथा चुकल्या. दोन्ही चाळीस यार्डांच्या आतल्या. फरक तीन गुणांचा. त्या पोराचं त्या संध्याकाळी काय झालं असेल, या विचाराने मला आजही वाईट वाटतं.

सामना संपल्यावर मिशिगनच्या मुलांनी मैदानाच्या मध्यावर झेंडा रोवायचा प्रयत्न केला, हाणामारी झाली, पोलिसांनी मिरीचा फवारा मारला. दोन्ही विद्यापीठांना एकेक लाख डॉलर दंड झाला. ते बघण्यासारखं नाही, सामना संपला की बंद करा.

एक गोष्ट मात्र माहीत असू द्या. ओहायो स्टेटचा हा मिशिगनकडून सलग चौथा पराभव. प्रशिक्षक रायन डे यांना काढा, असा गावभर गलका झाला. त्याच वर्षी पहिल्यांदा बारा संघांची बाद फेरी सुरू झाली होती, म्हणून हरूनही ते आत राहिले. 51 दिवसांनी, 20 जानेवारी 2025ला, नोत्र दामला 34-23 हरवून राष्ट्रीय विजेते झाले. हे ठाऊक ठेवून सामना बघितला तर मिशिगनने काय केलं होतं याचं वजन कळतं.

हंटर की जेंटी?

सामन्यापेक्षा खेळाडू बघायचा असेल तर निवड वेगळी. मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मानाचा हाइझमन पुरस्कार या दोघांतच व्हायचा होता, आणि शुक्रवारी दोघे एकाच वेळी, वेगवेगळ्या मैदानांवर, वेगवेगळ्या चॅनलवर खेळले. भारतात तेव्हा रात्रीचे साडेदहा.

बोल्डरला कोलोरॅडोच्या ट्रॅव्हिस हंटरने ओक्लाहोमा स्टेटविरुद्ध दहा झेल घेतले, 116 यार्ड, तीन टचडाउन, वर एक इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्याने फेकलेला चेंडू मधेच झेलणं. निकाल 52-0. आजच्या फुटबॉलमध्ये खेळाडू चढाईत तरी असतो किंवा बचावात तरी. हंटर दोन्हीकडे, तेही जवळजवळ पूर्ण वेळ. सलामीला येऊन शतक ठोकणारा फलंदाज त्याच दिवशी नवा चेंडूही हातात घेऊन वीस षटकं टाकतो, असं समजा. मात्र सामना म्हणून हा एकतर्फी आहे. ओक्लाहोमा स्टेट त्या मोसमात आपल्या परिषदेतले, म्हणजे गटातले, नऊच्या नऊ सामने हरलं. पहिला पाऊण तास बघा, तोही चेंडू सोडून फक्त हंटरवर नजर ठेवून. तो बचावात असताना समोरचा क्वार्टरबॅक त्याच्या बाजूला फेकतो का, एवढंच मोजा. न फेकलेला चेंडू आकड्यांत येत नाही, आणि त्याची अर्धी किंमत तिथेच आहे. त्याच सामन्यात शेडूर सँडर्सने 438 यार्ड आणि पाच टचडाउन फेकले, तेही ओघात दिसेल.

बॉइझीच्या निळ्या मैदानावर बॉइझी स्टेटच्या अ‍ॅश्टन जेंटीने ओरेगन स्टेटविरुद्ध 37 वेळा चेंडू घेतला आणि 226 यार्ड काढले. टचडाउन एकच. निकाल 34-18. इथे सांगण्यासारखी नाट्यं नाहीत, पण माझ्यासारख्या कबड्डीवेड्याने हा सामना चुकवू नये. बाकीचे रनिंग बॅक चेंडू यायच्या आधी वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून उभे राहतात. जेंटी सरळ उभा, हात सैल सोडलेले, जणू बसची वाट बघतोय. चेंडू आला की ठेंगणा, दणकट देह गर्दीत शिरतो, आणि पकड बसली असं वाटेस्तोवर तो दोन पावलं पुढे निघालेला असतो. पहिल्या पकडीत तो क्वचितच सापडतो. पाय खाली जमिनीला, गुरुत्वमध्य खाली, खांदा आत: आपल्याकडच्या चांगल्या चढाईपटूचं सगळं अंगात आहे.

14 डिसेंबरला पुरस्कार हंटरला मिळाला, मतदानात 2,231 गुण विरुद्ध 2,017. जेंटीने मोसम संपवला 2,601 यार्डांवर. बॅरी सँडर्सचा 1988चा विक्रम 2,628चा. सत्तावीस यार्ड कमी! मात्र सँडर्सने ते अकरा सामन्यांत केलेत, जेंटीला चौदा मिळाले, हेही लक्षात ठेवायला हवं. माझं मत विचाराल तर पुरस्कार हंटरलाच योग्य होता, पण बसून बघायला मी जेंटी लावेन. त्याचं कौतुक समजायला कॅमेऱ्याबाहेर बघावं लागत नाही.

बाकीचं, थोडक्यात

सिराक्यूज 42, मायामी 38 हा माझा तिसरा पर्याय. कुणाला भरपूर गुण आणि हवेतले चेंडू हवे असतील तर मी हाच पुढे करतो. मायामी 21-0 पुढे होतं. सिराक्यूजच्या काइल मकॉर्डने 380 यार्ड फेकून ते भरून काढलं. मायामीचा कॅम वॉर्डही 349 यार्डांचा धनी. मकॉर्ड वर्षभरापूर्वी ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक होता. 2023च्या मोसमात एकच सामना हरला, मिशिगनविरुद्धचा, आणि नंतर तिथून बाहेर पडला. ज्या दिवशी त्याचा जुना संघ घरच्या मैदानावर मिशिगनकडून हरला, त्याच दिवशी त्याने हे केलं. शेवटची पावणेचार मिनिटं राहिली असताना सात गुणांनी मागे असलेल्या मायामीने टचडाउनचा शेवटचा प्रयत्न सोडून तीन गुणांची लाथ मारली. चेंडू त्यांना परत मिळालाच नाही. तो निर्णय चुकला असं मला वाटतं. तुम्ही थांबवून, स्वतः काय केलं असतं ते ठरवून मग पुढे बघा.

टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम 2011नंतर पहिल्यांदा भेटले, टेक्सस 17-7 जिंकलं. वातावरणासाठी पहिली दहा मिनिटं पुरेत. साउथ कॅरोलायनाच्या लनॉरिस सेलर्सची क्लेमसनविरुद्धची 20 यार्डांची धाव मात्र शोधून बघा. जेमतेम मिनिट उरलेलं, त्या धावेने 17-14.

आठवड्याचा खेळाडू कोण म्हणाल तर माझं मत हेन्स किंगला. हरला, चेंडू सुटला, तरीही. त्यानंतरही तो आठव्या ओव्हरटाइमपर्यंत पुन्हा पुन्हा त्याच गर्दीत घुसत होता. शनिवारी सकाळी चार तास मोकळे असतील तर तिथूनच सुरू करा, आणि मध्यंतराला 17-0 बघून बंद करू नका.